वाटीतला चिखल

घोड्यांच्या उड्यांच्या मैदानावर दांडीकाकांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. त्यांना घोड्यावर बसलेलं मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. घोड्याच्या पायाने अडथळ्याची दांडी पडली की धावत जाऊन ती पुन्हा दोन बाजूंच्या लोखंडी वाट्यांत ठेवायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत आपण एकदाही दांडी मारली नाही, हा विनोद ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

स्पर्धांबद्दल त्यांची मतं पक्की होती. नुसत्या वेगाच्या स्पर्धेत दांडी पाडली तरी चार सेकंद वाढवून भागतं, म्हणून ती उतावळ्यांची. फेरीगणिक उंच होत जाणाऱ्या भिंतीची स्पर्धा आपण घरी रोज खेळतो, असं ते म्हणत. पण बायको आसपास नाही ना, हे बघूनच. स्वाराने मनाला येईल त्या वाटेने उड्या मारून गुण गोळा करायचे, ही स्पर्धा लागली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. घोडा कुठून अंगावर येईल, नेम नाही! त्यांच्या लेखी खरी स्पर्धा एकच: एकही दांडी न पाडलेल्यांची पुन्हा घड्याळ लावून होणारी फेरी. तिथे त्यांच्या दांडीला भाव असे.

आज त्या फेरीत दोघंच उरले होते. एक डॉक्टर आणि दुसरी काकांची मुलगी. जिंकेल तो वरच्या गटात जाणार होता, आणि त्यासाठी पोरगी तीन वर्षं पहाटे उठत होती.

डॉक्टरांच्या घोड्याचा खूर शेवटच्या दांडीला खणकन लागला. दांडी जागची हलली नाही. काकांनी वाकून पाहिलं, तर वाटीत चिखल! दांडी त्यात रुतून बसली होती. प्रत्येक घोड्याआधी वाटी पुसायची ही काकांचीच शिस्त, आणि फडकं त्यांच्याच खिशात.

काका पंचांकडे धावले. "राहिली ती राहिली," पंच म्हणाले. "पुढचा घोडा येऊ द्या."

चिखल तसाच ठेवला असता, तर कुणी ब्रही काढला नसता. दोघांना सारखाच, असंही म्हणता आलं असतं. काकांनी स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि वाटी लख्ख पुसली.

मुलगी डॉक्टरांपेक्षा वेगात आली. शेवटच्या उडीत घोड्याचा मागचा पाय दांडीला जेमतेम घासला, दांडी खाली आली आणि फेरी डॉक्टरांनी जिंकली.

घोडा बांधेपर्यंत चिखलाची गोष्ट तिच्या कानावर गेली, आणि ती तरातरा येऊन बापासमोर उभी राहिली.

"बाबा, माझ्या वेळी वाटी पुसलीत?"

"पुसली."

"आणि त्यांच्या वेळी?"

काकांनी नजर चोरली. "तेव्हा तू तिकडे घोडा फिरवत होतीस. मी तुझ्याकडेच बघत राहिलो गं."

तिने काकांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

"अगं, चिखल आहे त्याला!" काका ओरडले, पण तोवर उशीर झाला होता.