दाराला आतून कडी

“मॅडम, तुमी दिलेला होमवर्क फेल गेला,” सुभाष म्हणाला आणि मान खाली घालून बसला. शेजारी त्याची बायको सविता पदराला पीळ देत होती. तिसरं सेशन होतं. दोघांची नावं अर्थातच बदलली आहेत.

मी परभणीत सायकॉलॉजिस्ट आहे. लग्नाला दोन वर्षं झालेलं हे शेतकरी जोडपं पाथरीकडच्या एका गावातून एसटीनं यायचं. सविताला नवरा आवडायचा, त्याच्या जवळ जावंसंही वाटायचं. पण तो जवळ आला की तिचं अंग आखडायचं, उत्तेजना म्हणून यायचीच नाही. लेडी डॉक्टरनं तपासून शरीर ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. सुभाषची समजूत झाली होती की आपण हिला आवडतच नाही. आणि सविता म्हणायची, “खोट माझ्यातच हाय. मी माहेरी जाते, ह्यांनी दुसरी करावी.” हे ती इतक्या शांतपणे म्हणायची की मला फार लागायचं.

मी त्यांना ‘सेन्सेट फोकस’ दिला होता. नाव मोठं, काम साधं. रोज वीस मिनिटं एकमेकांच्या हाताला, पाठीला, केसांना निवांत स्पर्श करायचा. त्यापुढे जायला सक्त मनाई. परीक्षाच नाही म्हटलं की नापास व्हायची भीती जाते. मन भटकलं तर हळूच स्पर्शाकडे परत आणायचं. त्यासाठी श्वासाचा सरावही शिकवला होता.

“मन भटकतं तेव्हा जातं कुठं?” मी शेवटी विचारलं.

“दाराकडं,” सविता म्हणाली. “डाळी-साळीचे डबे आमच्याच खोलीत हायत. आत्याबाई कवाबी येतात.”

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

“मग कडी लावा की!”

“आतून कडीच न्हाई, मॅडम. बाहेरून हाय, कुत्रं शिरू नये म्हणून.”

मी कपाळावर हात मारला. दोन सेशन मी तिला श्वास शिकवत होते आणि दाराची चौकशीच केली नव्हती!

“मग आतून बसवून घ्या.”

“कडी बसवणं म्हंजे घरात दवंडीच की!” सुभाष दचकून म्हणाला.

पंधरा दिवसांनी सविताचं हसणं मला जिन्यातूनच ऐकू आलं. सुभाष कडी बसवत असताना आई नेमकी समोर आली होती.

“काय करायलास रे?”

“मांजर येतंय, आई. दूध पिऊन जातंय.”

“दूध चुलीपाशी, अन् कडी तुझ्या खोलीला?”

सुभाष मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला. म्हातारीनं कडी निरखून पाहिली. मग एकेक डबा उचलून स्वयंपाकघरात नेऊ लागली. शेवटचा डबा नेताना म्हणाली, “स्क्रू लहान हायत. मोठे आण. मांजर दांडगं असतंय.”

“आणि होमवर्क?” मी विचारलं.

“चार दिवस नीट केला,” सविता म्हणाली. “पाचव्या दिवशी नियम मोडला.”

“कुणी?”

“म्या.”

सुभाष छताच्या पंख्याकडे बघत बसला होता, पण कान लाल झाले होते. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थापच मारली. माहेरी जायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

प्रत्येकीचं दुखणं कडीनं बरं होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न दाराचा असतो. मनाचे प्रश्न दुसऱ्या पानावर.