कूलरमधला राम

देवाशी माझ्या साडूइतका भांडलेला माणूस अख्ख्या नागपुरात सापडणार नाही. नास्तिक त्याच्यापुढे अगदीच मवाळ. ते बिचारे देव नाही म्हणतात आणि मोकळे होतात. साडू देव आहे असं धरून चालायचा आणि मग त्याला फैलावर घ्यायचा. रोज पूजेला एका हातानं घंटी वाजवायची आणि दुसऱ्या हाताचं बोट रामावर रोखायचं. राम पितळेचा, वीतभर, लग्नानंतर जोडीनं जाऊन रामटेकहून आणलेला. नळ आला नाही, गुडघा दुखला, संत्री आंबट निघाली, जाब रामाला. नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्यांना वाटायचं, घरात कुणी वाया गेलेला भाऊ आहे. नैवेद्य मात्र वेळेवर. "जेव आधी, मंग पाहतो तुह्याकडं."

त्याची हयात नागपूरलगतच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात ड्रायव्हरांना फोन करण्यात गेली, त्यामुळे त्याचं अध्यात्मही ट्रकमधूनच फिरायचं. माझ्या मेहुणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली, तेव्हा मी त्याला म्हटलं, "आता तरी समजलं ना गा, वर कोणी ऐकत नाही?"

तो तिच्या पायाला तेल चोळत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, जो ड्रायव्हर लगेच फोन उचलून गोड बोलते ना, तो ढाब्यावर बसून राहते. जो उचलत नाही, तो गाडी चालवून राहिला असते."

"अन् गाडी उलटली असन तं?"

"तुम्ही चहा प्या."

देव पाण्यात ठेवायची आपली जुनी रीत आहे. मागणं पुरं होईपर्यंत मूर्ती बुडवून ठेवायची, गुदमरून तरी कबूल होईल म्हणून. लोक घंगाळात ठेवतात. साडूनं रामाला कूलरच्या टाकीत ठेवलं. उन्हाळा पेटला होता, कूलरचं तोंड बायकोच्या खाटेकडे होतं, आणि "याच्या आंघोळीची हवा तिले लागन, तेवढंच तीर्थ." मी म्हटलं, देवाचे हाल काहून करतोस? "चौदा वर्षं जंगलात राहिला तो. खसच्या वासात उन्हाळाभर राहाले काय होते त्याले?" रोज पाणी भरताना आत डोकं घालून विचारायचा, "काय गा, काही हालचाल?" आणि खाटेवर ती अर्ध्या तोंडानं हसायची.

ते हसू मी पाहिलेलं होतं. तरी नातेवाइकांत सांगत सुटलो, की साडूचं डोकं फिरलं, त्यानं देव कूलरमध्ये फेकला, आता तो काही मानत नाही. गोष्ट रंगायची, लोक हसायचे, मलाही चेव यायचा. मग काटोलच्या आत्यानं त्याला पूजेला बोलावणं बंद केलं, हळूहळू बाकीच्यांनीही. त्यानं कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ज्यांनी माझ्याकडून ऐकलं, त्यातले जे कोणी उरलेत, त्यांनी पुढचं वाचावं.

पावसाळा लागला, कूलर बंद झाला. टाकी तो भरतच राहिला. पोळ्याच्या सुमारास मेहुणी गेली, एक शब्दही न बोलता. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो टाकीत हात घालून उभा होता. मला वाटलं, आता हा रामाला रस्त्यावर भिरकावतो. आणि खरं लिहितो, आपलं बोलणं खरं ठरेल म्हणून क्षणभर बरंही वाटलं. त्यानं मूर्ती बाहेर काढली. खाऱ्या पाण्याचे पांढरे थर चढून नाक-डोळे ओळखू येत नव्हते. चिंच घेऊन तो बराच वेळ घासत बसला. मग मेहुणीच्या रिकाम्या खाटेवर टॉवेल पसरला, रामाला त्यावर आडवं केलं आणि अंगावर तिचीच चादर ओढली.

"झोप गा आता," तो म्हणाला. "तुह्याच्यानंही नाही झालं. थकला असशीन."

मी उठून दारात चपला घालू लागलो, तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"दादा, हळू."