कोपऱ्यातली वीज

कारंज्याला एसटीतून उतरलो तेव्हा मेमरी कार्ड माझ्या खिशात होतं. सलीमचाचांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, "चाचा गेले सकाळी... अटॅक आला." मी तसाच जनाज्याला गेलो. याला सात आठवडे झाले.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बीएस्सी झालो, धनजला अभ्यासिका काढली आणि तळहाताएवढा, मेमरी कार्डावर चालणारा एक कॉम्प्युटर जुन्या टीव्हीला जोडून पोरांना इंटरनेटशिवाय धडे दाखवू लागलो. तो सुरू झाला नाही की गाव विचारायचं, "डिग्रीवाल्याचं डबडं बसलं का पुन्हा?" मग मी कारंज्याला. चाचांचा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेला, पण हे मशीन त्यांना माझ्याआधी कळलं. "पहिले लाइट पाह्य. लाल म्हंजे करंट आला. हिरवा लुकलुकला म्हंजे कार्ड वाचून राह्यला. अन् एका वक्ताले एकच चीज बदल, बीएस्सी. दोन बदलशीन तं चोर कोन ते समजनार नाही." तीन वर्षांच्या कॉलेजात इतकं सरळ मला कोणी शिकवलं नव्हतं.

एकदा मशीन तीन महिने बिनतक्रार चाललं, तेव्हा मी तिकडे फिरकलो नाही. शेवटी गेलो, ते उंदरानं मशीनची करंटची वायर कुरतडली म्हणून. चाचा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मशीन बरी होती, तं मले मेला समजला का रे?" मी हसलो. त्यांनी हिरवी टेप गुंडाळलेली एक वायर काढून दिली. "हे बदलू नोको. असली आहे."

तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी तेच. टीव्हीवर रंगीत चौकोन यायचा आणि तिथंच थांबायचा. चाचा कार्ड पुसून पुन्हा भरून द्यायचे. तोवर दोन चहा आणि गावभरच्या गप्पा. मशीन चालू असलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी वीज दिसायची. मी विचारलं, तर म्हणाले, "कंपनीचा शिक्का आहे तो." पोरांनाही मी तेच सांगितलं.

ते गेल्यावर कार्ड मीच भरलं. चालेना. मग त्यांच्याच रीतीनं एकेक वस्तू बदलत गेलो. हिरव्या टेपची वायर सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावर संशय म्हणजे चाचांवर संशय. ती बदलली आणि मशीन सुरू झालं. कोपऱ्यातली वीज गायब. शोधून वाचलं, तर ती वीज म्हणजे करंट कमी पडत असल्याची खूण होती. कार्ड खराब होत होतं ते त्यामुळंच.

वायर घेऊन कारंज्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीनं, शबानाताईनं, ती पाहिली आणि मान खाली घातली. "त्याईले माहीत होतं, दादा. मी म्हटलं बी, अब्बा, काहून फसवता त्याले? तं म्हने, चांगली वायर देली तं तो कायले येईन?"

राग आला. अजून आहे. ज्यानं चोर शोधायला शिकवलं, त्यानंच चोर माझ्या हातात दिला होता. पोरांच्या परीक्षेच्या आठवड्यात पडदा काळा, मी टोमणे खात एसटीत, आणि माझ्याच तोंडून पोरांना खोटं... नुसतं 'ये रे' म्हटलं असतं, तरी आलो असतो. शबानाताईला मी तसं म्हणालोही. निघताना ती एवढंच म्हणाली, "येत जा दादा. अम्मीले बरं वाटते."

त्याला महिना झाला. वायर अभ्यासिकेच्या खणात पडून आहे. मशीन रोज पहिल्या झटक्यात सुरू होतं... कारंज्याला मी त्यानंतर अजून गेलेलो नाही.