नदीच्या वळणावरची जागा

आमच्याकडच्या माणसांचा मला कधी कधी भयंकर राग येतो. मरायला टेकतील, पण दुसऱ्याला एक शब्द विचारायचे नाहीत. आर्वो लाहती त्यातला मेरुमणी.

आर्वो म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, हेल्मीचा नवरा. जन्मभर लाकडांचा ट्रक चालवला. मिशिगनच्या या उत्तर टोकाला लाकूड, मासे आणि बर्फ याशिवाय दुसरं आहे तरी काय! लग्न झाल्यापासून दर सप्टेंबरात दोघं जंगलात मुक्कामाला जायची. आखलेल्या तळावर नव्हे. तिथे नळ असतो, संडास असतो आणि शेजारच्या तंबूतलं घोरणं फुकट ऐकायला मिळतं. यांची जागा पार आत, कच्च्या रस्त्याच्या शेवटी, नदीच्या वळणावर. पाणी नदीचं, उकळून प्यायचं. खड्डा आपणच खणायचा, आपणच बुजवायचा, आणि कचरा गाडीत घालून घरी आणायचा. जंगलखातं दोन आठवडे राहू देतं, मग उठायचं. जागा कुणाच्या नावावर नसते, जो आधी येईल त्याची. आणि कुणी आधीच उतरलेलं दिसलं तर गाडी वळवून गुमान निघायचं, हात हलवायलाही थांबायचं नाही. एकांतासाठी आलेल्या माणसाचा एकांत मोडणं आमच्यात चोरीइतकंच वाईट.

हेल्मी गेल्यावरही आर्वो जात राहिला. का, ते त्यानं मला एकदाच सांगितलं, माझ्या दुकानात गळाची गांडुळं निवडताना.

"तिथे मी तिच्याशी बोलतो, डॉरिन. चांगलं मोठ्यानं. घरात बोललो की रॉय डॉक्टरांना फोन लावतो."

रॉय त्याचा मुलगा. वाईट नाही पोरगा. बाप रिकाम्या खुर्चीशी बोलताना दिसला तर कुणीही धास्तावेल.

त्या वर्षी आर्वोच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. शरद सरला की गाडीच्या किल्ल्या रॉयच्या हाती द्यायच्या, असं ठरलं. म्हणजे ही शेवटचीच खेप.

"आता पुढे येणं व्हायचं नाही, एवढं तरी तिला सांगायला हवं," आर्वो म्हणाला. "नाहीतर वाट बघत बसेल."

मी पाठ फिरवली आणि नीट लावलेले डबे पुन्हा लावत बसले.

तो गेला, तर वळणावर एक निळा तंबू. त्यानं गाडी वळवली आणि दूर, दुसऱ्या फाट्यावर मुक्काम टाकला. कॉफी संपली म्हणून दुकानात आला तेव्हा मला हे कळलं.

"अरे, मग जिथे आहेस तिथेच बोल ना हेल्मीशी!"

"तिला वळणच ठाऊक आहे."

"मग त्या तंबूवाल्याला सांग, की बाबा रे, मला एक सकाळ दे. तो काय खातोय तुला?"

"लोकांच्या मुक्कामात घुसू? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

घ्या! वेडी मी ठरले.

मग तो रोज सकाळी गाडी घेऊन वळणाच्या तोंडाशी जायचा, तंबू अजून आहे का बघायचा आणि परतायचा. पावसाची झड लागली. तंबूतलं माणूस ओली लाकडं जाळतंय, हे त्याला धुरावरून कळलं. आमच्याकडे मुक्काम हलवताना पुढच्यासाठी कोरडं सरपण ठेवून जातात. आर्वोनं मेपलचा चांगला कोरडा ओंडका फोडून वळणाच्या तोंडाशी रचून ठेवला. तोही रोज थोडा थोडा, कुणी उठायच्या आत. हाक मात्र मारली नाही.

आठवड्यानं एक मुलगी दुकानात आली. चेहरा उतरलेला, हाताला भाजल्याची पट्टी. शेल्बी तिचं नाव, शिकागोकडची. घटस्फोट झाला होता आणि एकटीनं राहता येतं की नाही, ते स्वतःचं स्वतः बघायला आली होती.

"रोज पहाटे एक ट्रक येतो," ती म्हणाली. "थांबतो आणि जातो. मग तिथे लाकडं ठेवलेली दिसतात. मी चाकू उशाशी घेऊन झोपते. काल जंगलखात्याच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला बघतो."

मी कपाळावर हात मारला. तिला बसवलं, बटाटा आणि मांस भरलेली गरम पेस्टी पुढ्यात ठेवली आणि आर्वोची सगळी गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता तिचा घास हातातच राहिला.

"मग ते बोलले का नाहीत माझ्याशी?"

"तुला त्रास नको म्हणून."

"अहो, मी तिथे माणसाच्या आवाजाला आसुसले होते!"

"मग असं कर, त्याला कॉफीला बोलाव. तू तिकडे झाडीत जरा फिरून ये, तोवर तो आपलं बोलून घेईल."

तिनं मान डोलावली, पण ती गेली आणि तंबूच गुंडाळून मोकळी झाली. जाताना दुकानाशी थांबून म्हणाली, "जागा झाडून ठेवलीय. त्यांना सांगा, आता कुणी नाही."

मी आर्वोच्या मुक्कामावर धावले, तर तिथे नुसती विझवलेली राख. जंगलखात्याचा माणूस सकाळीच त्याला गाठून गेला होता. मग घरी फोन लावला.

"आर्वो, ती गेली. आपणहून. जागा रिकामी आहे, ऊठ आणि जा."

"खात्याचा माणूस सांगून गेला, ती माझ्यामुळे चाकू घेऊन झोपत होती, डॉरिन."

"तिला आता कळलंय सगळं!"

"हेल्मीला काय सांगू? एका पोरीला घाबरवून जागा मिळवली?"

मी रागावले, शिव्या दिल्या, माझ्या गाडीनं नेते म्हटलं, शेवटी रडलेसुद्धा. तो ऐकून घेत होता आणि मधूनच "तुला उगाच त्रास," म्हणत होता. त्या वर्षी बर्फ लवकर, ऑक्टोबरातच पडलं आणि आतला रस्ता बंद झाला. ती पोरगी गेल्यावर उरलेल्या हंगामात वळणावर कुणी उतरलं नाही.

नाताळाच्या सुमारास रॉय दूध न्यायला आला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा निवांत दिसत होता.

"बाबा कसे आहेत रे?" मी विचारलं.

"एकदम छान, डॉरिन मावशी. ती एकटं बोलायची सवय पार सुटली त्यांची. दिवसभर खिडकीशी शांत बसलेले असतात."

मी दूध पिशवीत घातलं आणि जपून गाडी चालव म्हणाले.