कैरी पाहून काढलेलं तिकीट

धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलात राहणाऱ्या धुरपताबाईला कॅलेंडर वाचता येत नाही, झाड मात्र येतं. मोह कधी गळेल, चारोळीचं चार कधी पिकेल, हे ती नुसती मान वर करून सांगते. पण पुण्यात नर्स असलेली तिची लेक दिव्यानी तीन वर्षं आंब्याच्या पंडुमाला घरी आली नव्हती, आणि ते तिला फार लागलं होतं.

पंडुमाचा सण झाल्याशिवाय तिच्या गावात कुणी नवा आंबा तोंडात घालत नाही. दिवस ठरवतो गावची पूजा करणारा गायता, पत्रूभाऊ. तोही चार दिवस आधी. चार दिवसांत पुण्याहून नागपूरचं तिकीट म्हणजे तत्काळ, वर एजंटची खाबूगिरी. रेल्वे साठ दिवस आधी साध्या दरात जागा देते खरी, पण पत्रूभाऊला रेल्वेशी काय देणंघेणं?

गेल्या वर्षी फाल्गुनात धुरपताबाई त्याच्या अंगणात जाऊन बसली.

"भाऊ, पंडुम कवा हाय?"

"कैऱ्या आत्ता वाटान्याएवढ्या हायेत. काऊन विचारून राह्यली?"

"पोरीले तिकीट काढाचं हाय."

"कोय धरू दे, मंग सांगतो. रेल्वेच्या टायमानं झाड चालत नाई."

बाईचं डोकं सणकलं. ती तडक देवाच्या आंब्याखाली गेली. चाळीस वर्षं पाहिलेलं झाड ते. फांदी वाकवून कैऱ्या चाचपल्या, बोटांवर दिवस मोजले आणि तिथूनच लेकीला फोन लावला.

"मे महिन्याच्या दोन तारखेले पोहोच. याचं-जायाचं दोन्ही काढ."

"माय, गायत्यानं सांगितलं?"

"मी सांगून राह्यली."

आवाज ठणठणीत होता. दिव्यानीनं तिकिटं काढली. एजंटच्या एका फेरीच्या पैशात येणं-जाणं दोन्ही झालं, वर आईच्या लुगड्यापुरते उरले.

एप्रिल सरता सरता गाव जमलं. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायच्या आत सण उरकायची पत्रूभाऊला घाई. "तीस तारखेले पंडुम," त्यानं सांगून टाकलं. धुरपताबाईचं धाबं दणाणलं. लेक पोहोचणार सणानंतर दोन दिवसांनी!

ती उभी राहिली. "भाऊ, आधी कैरी कापून पाहा."

कुरकुरत त्यानं कैरी मागवली. सुरी लोण्यातून जावी तशी कोयीतून आरपार गेली. कोय अजून कडक धरलीच नव्हती, म्हणजे सणाला अजून वेळ होता. लोक खो-खो हसले. पत्रूभाऊनं सुरी धोतराला पुसली आणि म्हणाला, "मे महिन्याच्या तीन तारखेले."

दोन तारखेला दिव्यानी आली. गाडीत पाय पसरून झोपून आलेली, म्हणून चेहरा टवटवीत. दुसऱ्या दिवशी पूजेनंतर धुरपताबाईनं पहिली फोड तिच्या तोंडात घातली आणि सगळ्यांदेखत रडली. लाजली अजिबात नाही.

यंदा फाल्गुन लागला आणि पत्रूभाऊ तिच्या दारात. बराच वेळ खाकरला.

"बाई, कैऱ्या पाह्यल्या का?"

"काऊन, भाऊ?"

"नातू हैदराबादेत हाय ना, लोकेश. पाच वर्सं झाली, पंडुमाले आला नाई." त्यानं मान खाली घातली. "त्याले तिकीट काढाचं हाय."

धुरपताबाईनं चपला पायात सरकवल्या. "चाल," ती म्हणाली, "झाडाले विचारू."