एकशे बारावर थांबलेला पंप

बाबा वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. पाळी संपली की तिथली माणसं गुळाचा खडा तोंडात टाकायची. घशात बसलेली धूळ गुळासोबत खाली उतरते, असं सगळेच मानत. बाबांच्या शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेला एक खडा असायचाच. लहानपणी त्यातला अर्धा मला मिळायचा.

निवृत्तीनंतर आम्ही केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीजवळच दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागलो. बाबा जिन्यात आधी एकदा थांबायचे, मग तीनदा थांबायला लागले. थांबले की मोबाइल काढून पाहायचे. मोबाइलवर काही आलेलं नसायचं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा फुप्फुसांचा जुना आजार आहे, पूर्ण बरा होणार नाही, पण आवरता येईल. श्वासातून औषध ओढायचा पंप दिला. सकाळी दोनदा ओढायचा, संध्याकाळी दोनदा, आणि प्रत्येक वेळी चूळ भरायची. पोट गच्च भरलं की श्वासाला जागा कमी पडते, म्हणून थोडं थोडं चार वेळा खायचं. शेवटी म्हणाले, "महिन्यानं या. असंच राहिलं तर घरी ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल." मशीन हा शब्द ऐकल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे घरातले इंग्रजी कागद वाचणं माझ्याकडे. पंपासोबतचा कागद मी दोनदा वाचला. पंपाला मागे एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात उरलेला आकडा दिसतो. सुरुवात एकशेवीसला होते.

त्याच आठवड्यात आरमोरीहून आत्या आली. सोबत स्वतःच्या शेतातला तांदूळ, अडुळशाची पानं आणि ओवा. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळी अडुळशाचा काढा, झोपताना हळदीचं दूध, केळी आणि दही बंद. रात्रीचा भातही बंद.

"बाई, तूच पोतंभर तांदूळ आणला अन् तूच भात बंद करते?" बाबा म्हणाले.

"दिवसा खा ना. रात्री कफ होते."

"धानवाल्याच्या घरचा माणूस पोळी खाऊन राह्यला. बाप्पा!"

आमच्याकडे पोळीला जेवण मानत नाहीत. तरी बाबा मुकाट्यानं खायचे. काढाही प्यायचे. आत्याचं ऐकण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. आई म्हणायची, त्यांचा रंग सुधारला. मला फरक दिसत नव्हता. जिन्यातले थांबे तीनच होते.

दहाव्या दिवशी टेबल पुसताना मी पंप हातात घेतला. खिडकीत एकशे बारा. म्हणजे दोनच दिवस ओढला होता.

पंप होता तसा ठेवला. पुढचे काही दिवस रोज आकडा पाहत राहिले. तो हलला नाही. मग एकदा विचारलं.

"बाबा, पंप घेता ना?"

"लागंन तवा घेईन. सवय लागते त्याची. मंग त्याच्याबिगर श्वासच नाई घेता येत." आणि खिशातला गूळ तोंडात टाकला.

महिना संपत आला तेव्हा आत्यानं ओव्याची धुरी काढली. घमेल्यात निखारे, वर ओवा, दारं बंद. "छाती मोकळी होते," ती म्हणाली. ज्या माणसाची छाती धुरानं आणि धुळीनं भरली, त्याला आम्ही कोंडून धूर देत होतो. मी आत, बंद दाराशी उभी राहून ते पाहिलं. बाबांना खोकला लागला आणि थांबेचना. मग मी दार उघडलं, घमेलं उचलून बाल्कनीत नेलं. बाबा गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसले होते. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. आत्या कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. "आमच्या मायले तर चालली होती धुरी," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, पंप नियमित घेता?

"हो सर. रोज."

मी पिशवीतून पंप काढला आणि आकडा त्यांच्याकडे करून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी आकडा वाचला. ते रागावले नाहीत. पंपाची सवय लागत नाही, धुरी बंद, काढा-दूध चालेल पण पंपाच्या बदली नाही, हे सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. मशीनचा निर्णय आणखी एक महिना पुढे ढकलला.

घरी परतल्यावर जिन्यात दुसऱ्या थांब्यावर बाबा म्हणाले, "डॉक्टरसमोर पंप काऊन काढला?"

"घरी तुम्ही ऐकलं नसतं."

"हं." आणि मोबाइल काढून पाहिला.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर पंप दोनदा ओढला. बेसिनवर चूळ भरली, तोंड वाकडं केलं. मग खिशातून गुळाचा खडा काढून मोडला. अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा मला दिला.

"पाह्य," पंप पुढे करून म्हणाले, "किती झाले?"

"एकशे दहा."