माझ्याच बोटाने उघडणारा फोन

जुन्या फोनचा शेवटचा हप्ता गेला आणि पंधरा दिवसांत तो चार्जिंग धरेना. हे आपोआप होतं होय? मला नाही वाटत. कंपनीवाले आत काहीतरी घालूनच ठेवत असणार. आमचे हे म्हणाले, तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. दिसतं, कारण असतं.

माझा कडक भाकरीचा धंदा, ऑर्डरी सगळ्या फोनवर. गेल्या दिवाळीत पुण्याच्या एका बाईंनी पाचशे भाकरी मागितल्या, तर ह्यांनी माझ्याच फोनवरून ‘जमणार नाही’ असं कळवून टाकलं. वर मेसेज पुसला. महिन्याभराने त्या बाईंकडूनच कळलं, तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तुझे हात दुखतात म्हणून नको म्हटलं, असं ह्यांचं म्हणणं. हात माझे, दुखणं माझं, मग नाही म्हणणारे हे कोण? तेव्हाच ठरवलं, आता फोन घ्यायचा तो फक्त माझ्या बोटाने उघडणारा.

मंगळवेढ्याची ज्वारीसुद्धा मी दाताखाली फोडल्याशिवाय घेत नाही. फोनच्या दुकानातली मुलगी कॅमेऱ्याचं कौतुक सांगत होती, तिला म्हटलं, ते राहू दे, आधी बोट लावून दाखव. माझा अंगठा लावला. फोन घेईना. पदराला पुसून लावला, तरी घेईना. कुणीतरी परत केलेला पीस पुसूनबिसून माझ्या गळ्यात मारतेस काय, असं मी तिला तोंडावर विचारलं. बिचारीने दुसरा काढला, मग तिसरा. तेच. तेवढ्यात बरोबर आलेल्या ह्यांनी सहज अंगठा टेकवला आणि फोनने तो लगेच घेतला. मला वाटलं, दोघं मिळालेले आहेत.

मुलीने माझा हात उजेडात उलटा करून पाहिला.

“काकू, फोनमधी काय न्हाय. तुमच्या बोटांवर रेघाच राहिल्या न्हाईत.”

बावीस वर्षं गरम पाण्यात पीठ मळून, थापून झिजल्या होत्या. मला रडूच आलं. ज्या हातांवर धंदा उभा केला, ते माझे आहेत हे फोनलासुद्धा पटेना.

चेहऱ्याने उघडतो की, असं ती म्हणाली. नको. दुपारी माझा डोळा लागला की हे फोन तोंडापुढे धरतील. आकडे टाकायचे तर हे पाठीमागे उभे. ह्यांनी मान खाली घातली. मुलीने न कंटाळता एकेक बोट लावून पाहिलं. शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली. भाकरी थापताना ती तेवढी वर उचललेली असते.

“आधी ह्यांचा अंगठा काढ,” मी म्हटलं.

घरी आल्यावर पहिला मेसेज पुण्याच्या बाईंना केला, यंदा पाचशे जमतील. फोन लॉक करून ह्यांच्या समोरच ठेवला.

ऑर्डर पुरी झाली त्या संध्याकाळी दोन्ही हात खांद्यापर्यंत ठणकत होते. ह्यांनी विचारलं, दुखतंय का. मी नाही म्हणाले.